आखाजीचा डाव ओट्यावर, जहाजावरचा जेवणाच्या वाटेवर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पत्ते निघतात. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, घरात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, आणि गल्लीच्या टोकाला एखाद्या ओट्यावर नाहीतर खळ्यात बाप्यांचा डाव. झन्नामन्ना, मांगपत्ता, तीन पत्ती. पोलिसांची धाड पडते, जुगार कायद्याचं कलम 12 (अ) लागतं, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, तरी पुढच्या वर्षी डाव बसतोच. त्याची तरफदारी करायची नाही. पण त्या डावाची मांडणी बघण्यासारखी आहे. तो कुठे बसलाय हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पोरांना तिकडे जायचं तर वाट वाकडी करावी लागते. पैसा रोख, समोर चटईवर. खिसा संपला की माणूस उठतो, नाहीतर बाकीचे त्याला उठवतात.

मोठ्या क्रूझ जहाजावरच्या कॅसिनोत या चारही गोष्टी उलट्या असतात, आणि त्या मुद्दाम तशा केलेल्या असतात. त्यामुळे ‘कुटुंबाच्या जहाजावर कॅसिनो असावा का’ या प्रश्नाचं उत्तर देताना जुगार चांगला की वाईट यावर घोळत बसण्यात अर्थ नाही. तो कुठे ठेवलाय, पैसा कशातून कापला जातो आणि किती वेगाने जातो, एवढं बघितलं तरी पुरे. माझं मत आधीच सांगतो: मुलांची तिकिटं विकणाऱ्या जहाजावर तो नसावा. असलाच तर दार बंद असलेल्या वेगळ्या खोलीत असावा आणि केबिनच्या कार्डाला जोडलेला नसावा.

आपल्याकडून जाणारे दोन प्रकारचे. दिवाळी-मेच्या सुट्टीत पोरांना घेऊन जाणारी कुटुंबं, आणि बियाणं, खतं, पाइप यांच्या कंपन्यांनी टार्गेट पुरं केलं म्हणून पाठवलेले डीलर. (कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्यालाही डीलरच म्हणतात, दोघं समोरासमोर बसले की कमिशन कुणाला सुटतं हे सांगायला नको.) दोन्ही गट एकाच जहाजावर, एकाच मजल्यावर, एकाच वेळी जेवायला निघतात. गोंधळ तिथून सुरू होतो.

जहाजाचा नकाशा, म्हणजे डेक प्लॅन, समोर घ्या. बहुतेक मोठ्या जहाजांवर पुढच्या टोकाला थिएटर आणि मागच्या टोकाला मुख्य जेवणाचा हॉल असतो. मधल्या भागात लिफ्टचा चौक, दुकानं, बार आणि कॅसिनो. जेवण दोन पंगतींत, शोही दोन. पहिली पंगत उठली की ती शोला जाते, शो सुटला की दुसरी जेवायला येते. म्हणजे रोज संध्याकाळी हजारभर माणसं, पोरसोरांसकट, एकदा मागून पुढे आणि एकदा पुढून मागे चालतात. त्यांच्या वाटेत कॅसिनो ठेवला की गिऱ्हाईक बोलवावं लागत नाही. गालिच्याचा एक वेगळ्या रंगाचा पट्टा मधून गेलेला असतो. अल्पवयीन मुलांनी त्या पट्ट्यावरून चालायचं, थांबायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही, असा नियम. सात वर्षांचं पोरगं लुकलुकणाऱ्या, खणखणणाऱ्या पन्नास मशीनच्या मधून न थांबता जाईल, हे नियम लिहिणाऱ्यालाही पटलेलं नसावं. पहारेकरी थांबलेल्या मुलाला हटकतो; थांबावंसं वाटेल अशी जागा आखणाऱ्याला कुणी हटकत नाही.

धुराचंही तेच. अनेक जहाजांवर आतल्या भागात सिगारेट ओढायला परवानगी असलेली जागा कॅसिनोच्या एका भागातच असते. दार नसल्यामुळे वास लिफ्टच्या चौकापर्यंत येतो, आणि वरच्या मजल्यावर बरोबर डोक्यावर केबिन असेल तर आवाजही. दम्याचं मूल बरोबर असेल तर ही बाब तिकिटाच्या दरापेक्षा महत्त्वाची.

मग कंपन्या हे ठेवतात कशाला? हिशेब सरळ आहे. तिकीट स्वस्त दाखवायचं आणि बाकीचं जहाजावर वसूल करायचं: दारू, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा, वायफाय, फोटो, कॅसिनो. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन सगळ्यांत मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नात तिकिटाबाहेरच्या कमाईचा वाटा जवळपास एक तृतीयांश आहे. कॅसिनो त्यातला एक भाग, पण सोयीचा. त्याला किराणा लागत नाही, स्वयंपाकी लागत नाही, आणि पावसाने सहल रद्द झाली तर तो उलट जास्त भरतो.

कॅसिनोशिवाय जहाज चालतच नाही, हा मात्र खोटा बहाणा आहे. डिस्नेच्या एकाही जहाजावर कॅसिनो नाही. सिंगापूरसाठीचं ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ मुळात गेन्टिंग हाँगकाँग या कंपनीने बांधायला घेतलं होतं. गेन्टिंग म्हणजे आशियातलं कॅसिनोच्या धंद्यातलं बडं नाव. ती कंपनी बुडाली, अर्धवट सांगाडा 2022 मध्ये डिस्नेने घेतला आणि कॅसिनोशिवाय पुरा केला. जहाज तेच, विचार वेगळा. हवाईच्या बेटांमध्ये फिरणाऱ्या ‘प्राइड ऑफ अमेरिका’वरही कॅसिनो नाही, कारण हवाई राज्यात जुगाराला बंदी आहे आणि ते जहाज त्या बेटांच्या बाहेर जात नाही. दुसऱ्या टोकाला व्हर्जिन व्हॉयेजेस: 18 वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, कॅसिनो आहे. हे मला मान्य आहे. मोठ्या माणसांनी आपल्या पैशाचं काय करायचं ते त्यांनी बघावं. आणि वायकिंग: समुद्री जहाजांवर मुलंही नाहीत, कॅसिनोही नाही, आणि दोन्ही गोष्टी ते जाहिरातीत मिरवतात.

डिस्नेचं तिकीट महाग पडतं, ही तक्रार खरी आहे. कॅसिनोतून न आलेला पैसा कुठून तरी यावा लागतो. पण मग स्वस्त तिकिटाची सवलत कोण भरतं तेही बघा. शंभरातले थोडेच लोक कॅसिनोत खरा पैसा घालवतात आणि बाकीच्यांच्या तिकिटाला टेकू लावतात. ते थोडे लोक तुमच्या केबिनमधले निघाले तर सवलत उलटी फिरते.

आता कायदा. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. 1976 सालचा कॅसिनो नियंत्रण व कर कायदा पुस्तकातच राहिला, एक दिवसही अमलात आला नाही, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. जुगारासाठी 1887 चाच कायदा चालतो, ज्याखाली आखाजीच्या धाडी पडतात. मग मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर टेबलं कशी? भारताचा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. जळगावहून रेल्वेने भुसावळला जायला जेवढं अंतर, त्याहून थोडं कमीच. तेवढं पार झालं की राज्याच्या जुगार कायद्याचा हात पोचत नाही आणि जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल त्याचा कायदा बघितला जातो. क्रूझ जहाजांचे झेंडे बहुतेक बहामास, पनामा, माल्टा अशा देशांचे. म्हणून बंदरात असताना कॅसिनोचे दिवे लागलेले असले तरी टेबलं बंद असतात. जहाज बाहेर पडल्यावर तासा-दोन तासांनी ती उघडतात आणि परतीच्या पहाटे किनारा जवळ आला की मिटतात.

छोट्या सफरीत याचा परिणाम जास्त जाणवतो. कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे मुंबईहून 2021 पासून चालणारं जहाज 1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून रॉयल कॅरिबियनसाठी बांधलं गेलं, तेही तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच. त्याच्यावरही कॅसिनो आहे. दोन रात्रींच्या गोवा सफरीत दिवस बंदरात जातो आणि रात्री समुद्रावर. कॅसिनोचे तास आणि कुटुंबाने एकत्र बसायचे तास अशा सफरीत एकच.

गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या बोटी हा वेगळा प्रकार. त्या गोव्याच्या कायद्याखाली परवाना घेऊन नदीतच उभ्या असतात. तिथे 21 वर्षांखालच्यांना जुगाराच्या जागेत प्रवेश नाही, दारात ओळखपत्र बघतात, आणि आत शिरायचं तर मुद्दाम तिकीट काढून जावं लागतं. म्हणजे ज्या बोटी उघडपणे जुगारासाठी आहेत त्यांना दार आहे, आणि ज्या जहाजावर कार्टूनवाल्या पाट्या लावून मुलांची तिकिटं खपतात त्यावर नाही. अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक जहाजांवर वयाची अट 18 ची आहे, काही सफरींवर 21 ची. तुमच्या जहाजावर किती आहे ते तिकिटाच्या अटींत असतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कार्डाचा. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पैसे. त्याच्यामागे एक खातं असतं आणि खात्यामागे घरच्या कर्त्या माणसाचं क्रेडिट कार्ड, किंवा आगाऊ भरलेली अनामत. अनेक जहाजांवर हेच कार्ड स्लॉट मशीनमध्ये (बटण दाबलं की चित्रं फिरतात ते जुगाराचं मशीन) घालून, पिन दाबून, केबिनच्या खात्यातून थेट रक्कम खेळायला घेता येते. काही ठिकाणी त्यावर काही टक्के शुल्कही लागतं. नोट हातातून सुटत नाही, म्हणून बोचत नाही. चटईवरचा रोख पैसा आणि हे कार्ड, दोन्हीला जुगारच म्हणायचं असेल तर म्हणा. हरण्याचा वेग सारखा नाही.

वेग म्हणजे काय ते आकड्यांत. स्लॉटचं बटण सात सेकंदाला एकदा दाबलं तर तासाला पाचशेच्या वर फेऱ्या होतात. एका फेरीला 20 रुपये म्हणजे तासाला 10,000 रुपयांची उलाढाल. मशीन त्यातले सरासरी 10 टक्के ठेवून घेत असेल तर तासाला 1,000 रुपये गेले. खेळणाऱ्याला वाटतं, आपण तर विसाच्या नोटेने खेळतोय.

रूलेटला, म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कुठल्या आकड्याच्या खणात पडते यावर पैसे लावायच्या खेळाला, तासाला पस्तीस-चाळीस फेऱ्याच होतात. इथे चाकाकडे नीट बघा आणि हिरवे, म्हणजे शून्याचे, खण मोजा. एक शून्य असेल तर 37 खण आणि कॅसिनोचा वाटा 2.70 टक्के. दोन शून्यं असतील तर 38 खण, वाटा 5.26 टक्के. तीन शून्यांचीही चाकं आहेत: 39 खण, 7.69 टक्के. मात्र एका आकड्यावर लावून जिंकल्यावर मिळणारे पैसे तिन्ही चाकांवर तेच, एकाला पस्तीस. 500 रुपयांच्या 35 फेऱ्या खेळलात तर एक शून्याच्या चाकावर सरासरी 470 रुपये जातात, तीन शून्यांच्या चाकावर 1,345. खेळ तोच, रंग तेच.

ब्लॅकजॅकच्या टेबलावर कापडावरच छापलेलं असतं: 3 ला 2, किंवा 6 ला 5. पहिल्यात 1,000 रुपयांवर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच एकवीस) लागला तर 1,500 मिळतात, दुसऱ्यात 1,200. ब्लॅकजॅक साधारण एकवीस हातांत एकदा लागतो. दर एकवीस हातांना 300 रुपये कमी मिळाले, म्हणजे कॅसिनोचा वाटा जवळजवळ 1.4 टक्क्यांनी वाढला. ‘6 मोठा आकडा, म्हणजे चांगलं’ असं समजून तिथे बसणारे खूप.

मांगपत्ता म्हणा की अंदर-बाहर (एक पान उघडायचं आणि तसलंच पान अंदरच्या ढिगात आधी येतं की बाहेरच्या यावर पैसे लावायचे), त्याचाही हिशेब करता येतो. पहिलं पान अंदरला पडतं, म्हणून अंदर जिंकायची शक्यता 51.5 टक्के. कॅसिनो ते ओळखून अंदरवर रुपयाला नव्वद पैसे देतो आणि बाहेरवर पुरा रुपया. गणित मांडलं तर अंदरवर 2.15 टक्के आणि बाहेरवर 3 टक्के कॅसिनोचे. आपल्याकडे अड्डेवाला नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो ती सगळ्यांसमोर, डावातून बाजूला ठेवून. कॅसिनोची नाल नियमातच शिवलेली असते, म्हणून ती काढताना दिसत नाही.

जमिनीवर एका कॅसिनोचे नियम वाईट असले तर माणूस शेजारच्यात जातो. समुद्रात शेजार नाही. टेबलावरची कमीत कमी बोली रात्री गर्दी वाढली की वाढवतात, आणि ‘पॉइंट’ देतात ते तुम्ही किती हरलात यावर नाही, किती उलाढाल केलीत यावर. ते पॉइंट भरले की पुढच्या सफरीचं फुकट तिकीट येतं. डीलर टूरवर गेलेला माणूस पुढच्या वर्षी एकटाच का निघाला याचं उत्तर कधी कधी त्या तिकिटात असतं.

जिंकलात तरी सरकार आहेच. जुगारातल्या जिंकण्यावर सपाट 30 टक्के कर, वर 4 टक्के उपकर, मिळून 31.2. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. पहिल्या रात्री 40,000 जिंकलात आणि दुसऱ्या रात्री 60,000 हरलात तर घरी 20,000 चा खड्डा घेऊन आलात, आणि कायद्याने 40,000 वर 12,480 रुपये देणं लागता. परदेशातल्या जहाजावर जिंकलं म्हणून हे टळत नाही. भारतात राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे धरलं जातं. गोव्यासारख्या ठिकाणी, भारतातल्याच कॅसिनोत, तर चिप (पैशाऐवजी खेळायची चकती) घेतानाच जीएसटी लागतो, 2023 च्या ऑक्टोबरपासून 28 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. न खेळता चिप परत केली तरी तो परत मिळत नाही. परदेशी जहाजावर आपल्या बँकेचं कार्ड थेट कॅसिनोत चालवायला गेलात तर ते अनेकदा नाकारलं जातं, कारण जुगाराच्या व्यवहारांना वेगळा कोड असतो आणि कित्येक बँका तो बंद ठेवतात. त्यावर उपाय म्हणून क्रेडिट कार्डावर रोख काढणं ही सर्वांत महागडी चूक: व्याज पहिल्या दिवसापासून, शुल्क वेगळं.

मुलांच्या बाजूने दोन गोष्टी. एक, आर्केड. पंजाने खेळणं उचलायचं मशीन, नाणी ढकलायचं मशीन, तिकिटं ओकणारी चाकं. तीही त्याच केबिनच्या कार्डावर चालतात. पंजाची पकड किती फेऱ्यांनी घट्ट व्हायची हे अनेक मशीनांत आतून बसवता येतं; पोराचा नेम चुकतो असं नाही. जहाजावर चढताच मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करा, नाहीतर दिवसाची मर्यादा घाला. दोन मिनिटांचं काम आहे. दोन, मुलांचा क्लब. तो बहुतेक ठिकाणी रात्री दहापर्यंत फुकट, नंतर तासाचे पैसे. कॅसिनो रंगात येतो तो दहानंतरच. मग एकजण खाली आणि एकजण वर केबिनमध्ये झोपलेल्या पोराजवळ, किंवा दोघं खाली आणि ‘झोपलंय, अर्ध्या तासात येऊ’ म्हणून पोरगं एकटं. या दुसऱ्या प्रकारासाठी मी कॅसिनोला दोष देणार नाही, पण दहाला फुकटचा क्लब संपवून पहाटेपर्यंत कॅसिनो उघडा ठेवणाऱ्या वेळापत्रकाला नक्की देईन.

बुकिंग करताना एजंटाला जहाजाचं नाव विचारून त्याचा डेक प्लॅन मागा. केबिन कॅसिनोच्या बरोबर वरच्या मजल्यावर नको. जेवणाचा हॉल आणि थिएटर यांच्या मधली वाट कोणत्या मजल्याने जाते ते बघा. बहुतेक जहाजांवर एक मजला वर चढून, पुढे चालून, खाली उतरलं की कॅसिनो टळतो. आजी-आजोबांना तो फेरा जड जातो, म्हणून त्यांच्यासाठी पुढच्या आणि मागच्या लिफ्टची जागा आधीच पाहून ठेवा. सिगारेटची जागा कुठे, कॅसिनोला वयाची अट किती, हेही लेखी विचारा. फोनवर सगळे एजंट ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतात.

जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ‘या केबिनवरून कॅसिनोचा खर्च बंद ठेवा’ असं सांगा. अनेक जहाजांवर ही सोय असते, फक्त ती कुणी आपणहून सांगत नाही. पहिल्या दुपारी तिथे मोठी रांग लागते. रात्री जेवणानंतर जा. ज्याला खेळायचंच आहे त्याने रोख ठरवून घ्यावी, दोन रात्रींची दोन पाकिटं करावीत आणि कार्ड केबिनमध्ये बायकोकडे ठेवावं. (किल्ली तीच असल्यामुळे परत यायला दार वाजवावं लागतं, ही गैरसोय कामाची आहे.) रोज रात्री केबिनच्या टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर खातं उघडून बघा. चुकीची नोंद जहाजावर असतानाच दुरुस्त होते.

शेवटच्या रात्री कॅसिनोचा कॅशियर किती वाजता बंद होतो ते विचारून ठेवा. उरलेल्या चिप्स आणि मशीनमध्ये कार्डावर अडकलेली शिल्लक त्याआधीच मोडून घ्यावी लागते. पहाटे जहाज मुंबईला लागतं तेव्हा ती खिडकी उघडी नसते, सगळे बॅगा घेऊन लिफ्टसमोर उभे असतात, आणि जळगावची गाडी पकडायची घाई असते.